गाणं कुणासाठी?



दोन आठवड्यांपूर्वी मी पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली होती, ‘माझी इंटर्नशिप एकदाची संपली!’ त्यावर तुमची बरीच पत्रं आली. एका मैत्रिणीनं विचारलंय, “ताई, गाणंच तर म्हणायचं, मग त्यात इंटर्नशिप कसली?” सातवीतला एक मित्र विचारतो, “पेशंटला गाणं ऐकवलं की ताप उतरतो का?” आणि एका आईंनी लिहिलंय, “कोणत्या रागानं दमा बरा होतो ते कळवावे.”

तिन्ही प्रश्न छान आहेत. आज त्यांचीच उत्तरं देणार आहे. पण त्याआधी माझी एक फजिती सांगते. फजिती तरी कसली, सरळ चूकच ती!

तुम्हाला माहीतच आहे, मी मूळची साताऱ्याची. संगीतोपचार म्हणजे म्युझिक थेरपी शिकायला अमेरिकेत गेले. लहानपणापासून गाणं शिकलेली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या, गॅदरिंगमध्ये बक्षिसं मिळवलेली. त्यामुळे मनात पक्कं होतं, की आपला गळा बरा आहे. आपण गायचं, लोकांनी खूष व्हायचं आणि खूष झाले की बरं व्हायचं. सोप्पं काम!

इंटर्नशिपचा तिसरा आठवडा होता. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका ठिकाणी मला पाठवलं होतं. तिथल्या एका आजींना डिमेन्शिया होता, म्हणजे विसरण्याचा आजार. आपण जेवलो की नाही, समोर उभी आहे ती आपली मुलगी की आणखी कुणी, काही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. मी गिटार घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या तरुणपणी गाजलेलं एक गाणं सुरू केलं. गाणं मीच निवडलं होतं. आठ दिवस घोटून घोटून तयार केलं होतं.

दुसऱ्या कडव्याला आजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, वा! गाणं अगदी काळजाला भिडलं की! मी आणखी रंगून गायला लागले. आजींनी मान फिरवली. खुर्चीचा हात घट्ट धरला. तरी मी आपली गातेच आहे! शेवटी तिथल्या नर्सबाईंनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे मी थांबले.

बाहेर आल्यावर कळलं, की ते गाणं आजींच्या यजमानांच्या अंत्यविधीच्या वेळी लावलं होतं. बाकी सगळं विसरलेल्या आजी तेवढं मात्र विसरल्या नव्हत्या.

आमच्या मार्गदर्शक बाईंना मी सगळं सांगितलं. (तिथं सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडून शेवटपर्यंत नाव निघालं नाही.) वाटलं, आता चांगलंच बोलणं खावं लागणार. पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “त्यांना रडू आल्यावर पुढचं गाणं तू कुणासाठी गात होतीस?”

उत्तर मला ठाऊक होतं. सांगवत नव्हतं. पुढचं गाणं मी माझ्यासाठीच गात होते.

तर मंडळी, ‘गाण्यात इंटर्नशिप कसली?’ या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. गायला येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं गाता येणं वेगळं. हे दुसरं पुस्तकात वाचून येत नाही. डॉक्टर होणारे दादा-ताई नाही का आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत? तसंच हे. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनच्या नियमानुसार निदान १२०० तास प्रत्यक्ष काम शिकावं लागतं आणि त्यातले निदान ९०० तास इंटर्नशिपचे. त्यानंतर परीक्षा. मग माणूस संगीतोपचारतज्ज्ञ होतो.

ही विद्याशाखा तशी फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांसाठी हॉस्पिटलांमध्ये वादक-गायक जायचे. सैनिकांना बरं वाटतंय हे डॉक्टरांना दिसत होतं. पण वादकांना हेही कळत होतं, की नुसतं वाजवता येणं पुरत नाही. आजाराची माहिती हवी, माणसांशी कसं वागावं हे कळायला हवं. म्हणून १९४४ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम निघाला. जगातला पहिला! पुढे कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक थेयर गॅस्टन यांनीही असा अभ्यासक्रम उभा केला आणि विद्यार्थ्यांना रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम करायला पाठवायची पद्धत रुजवली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही रे बाबा, गाण्यानं ताप उतरत नाही! आणि आईंनी विचारलेला दमाही कुठल्याही रागानं बरा होत नाही. दम्याला डॉक्टरांनी दिलेला पंप वेळेवर घ्यायचा, त्यात हयगय नको. ‘अमुक राग ऐका, तमुक आजार घालवा’ असे तक्ते आपल्याकडे नेहमी वाचायला मिळतात. पण गाणं म्हणजे काही औषधाची गोळी नव्हे, की सगळ्यांना सारखीच लागू पडावी. मघाच्या आजींचंच पाहा ना! ज्या गाण्यानं दुसऱ्या कुणी आनंदानं टाळ्या वाजवल्या असत्या, त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं.

मग गाणं करतं तरी काय? सांगते.

एक काका होते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा बोलणंच जातं. काकांना सगळं समजायचं, पण तोंडातून ‘हो’ शिवाय शब्द निघायचा नाही. आणि गंमत पाहा, वाढदिवसाचं गाणं सुरू केलं की तेच काका सगळे शब्द धडाधड म्हणायचे! याचं कारण असं सांगतात, की बोलण्याचं बरंचसं काम मेंदूची डावी बाजू करते, पण गाताना उजवी बाजूही जोरात कामाला लागते. मोठा रस्ता बंद झाला की आपण गल्लीतून वाट काढतो ना, तसंच काहीसं.

पहिल्या दिवशी काका गायले, तेव्हा मी उडीच मारली. बाई म्हणाल्या, “छान. पण तहान लागली तर ते वाढदिवसाचं गाणं म्हणतील का?”

बरोबरच होतं त्यांचं. काका गाणं म्हणायला नव्हते आले, पाणी मागता यावं म्हणून आले होते. मग आम्ही ‘पाणी हवंय’ एवढेच शब्द दोन सुरांवर बसवले. काकांचा डावा हात हातात घ्यायचा, टेबलावर हळू ठेका धरायचा आणि दोघांनी मिळून म्हणायचं. काही दिवसांनी मी निम्म्यात थांबायचं, त्यांनी पुरं करायचं. मग सूर कमी कमी करत साध्या बोलण्यावर यायचं. ही पद्धत बोस्टनच्या डॉक्टरांनी आणि वाचातज्ज्ञांनी १९७३ साली मांडली. अमेरिकेच्या संसदेतल्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्याला २०११ साली गोळी लागली आणि वाचा गेली. त्यांना पुन्हा बोलायला शिकवताना संगीतोपचाराची मदत घेतली होती.

आमच्या काकांना कितवा आठवडा होता आता आठवत नाही, पण एके दिवशी त्यांनी नर्सकडे पाहून, न गाता, पाणी मागितलं. अगदी दोन शब्द. त्या दिवशी मात्र बाईंनी मला उडी मारू दिली.

दुसरे एक आजोबा होते पार्किन्सनचे. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दार आलं की आजोबा थबकायचे, काही केल्या पाऊल उचलायचं नाही. अशा वेळी ठेका उपयोगी पडतो. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर पुष्कळ संशोधन केलं. आपण लेझीम खेळताना पाऊल कसं आपोआप हलगीवर पडतं, तसंच हे. कान ठेका ऐकतो आणि पाय त्याच्या मागून जातो.

पण इथंही मी घाई केलीच. मी आपली झकास, उडत्या चालीचं गाणं वाजवायला लागले आणि आजोबा अडखळले. नशीब, फिजिओथेरपिस्टनं त्यांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला होता. बाईंनी मला घड्याळ दाखवलं. आधी मोजायचं! आजोबा आपले आपण मिनिटाला किती पावलं टाकतात? ६४. मग ठेका ६४ चाच. तो जमला की थोडासा वाढवायचा, ६७. त्यांना जमेल तेवढाच, मला आवडेल तेवढा नव्हे.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल, की मला परत परत एकच धडा मिळत होता. आधी समोरच्याचं ऐक, मग तुझं वाजव!

हा धडा मला सगळ्यात पक्का कुणी शिकवला असेल, तर सहा वर्षांच्या एका मुलानं. तो स्वमग्न होता. बोलायचा नाही. खोलीत आला की भिंतीच्या कडेनं गोल गोल धावत सुटायचा. मी गोड आवाजात शांत गाणी म्हणायची आणि तो आणखी जोरात धावायचा. बाई म्हणाल्या, “त्याला तुझ्या गाण्यात ओढू नकोस. तू त्याच्या धावण्यात जा.”

म्हणजे काय करायचं? तर तो धावतोय त्याच वेगात ढोल वाजवायचा. तो थांबला की थांबायचं. इरा ऑल्टशुलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात हेच सांगितलं होतं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीतानं सुरुवात करा आणि मग हळूहळू बदलत न्या. पियानोवादक पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स या जोडीनं १९५९ पासून इंग्लंडमध्ये अशा मुलांबरोबर काम सुरू केलं. मूल रडत असेल तर नॉर्डॉफ त्या रडण्याच्या सुरातच पियानो वाजवायचे! आपली आजी तरी काय करते? बाळ जोरात रडत असलं की आधी जोरात थोपटते, मग थोपटणं आणि अंगाई दोन्ही हळू हळू होत जातं.

माझ्या ढोलाकडे त्या मुलानं पहिल्यांदा वळून पाहिलं. मग मी एक खेळ केला. ‘ये, बस’ या गाण्याचा शेवटचा ठोका मी वाजवायचाच नाही. जागा मोकळी ठेवायची. त्यानं वाजवला तर वाजवला. किती वेळा वाजवला ते वहीत लिहायचं. संगीतोपचारात असं सगळं लिहून ठेवावं लागतं बरं का, ‘आज छान झालं’ असं मोघम चालत नाही. माझ्या वहीत आहे: चौथा आठवडा ०, पाचवा १, सहावा ०, सातवा ४. त्या चारनं मी हुरळून गेले. मग दोन आठवडे सुट्टी आली. सुट्टीनंतर पुन्हा ०.

त्या रात्री आईशी फोनवर बोलताना मला रडूच आलं. आई म्हणाली, “अगं, तू पण सुट्टीत रियाज सोडलास की पेटीवरची बोटं अडखळायचीच ना? मग त्याचं कसं अडखळणार नाही?” आईनं संगीतोपचाराचं एकही पुस्तक वाचलेलं नाही हं! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. या वेळी चारपर्यंत यायला त्याला दोनच आठवडे लागले.

आणि त्या आजी? त्यांच्याकडे परत जायची मला भीतीच वाटत होती. पण जावं तर लागणारच होतं. या वेळी गिटार बाहेरच ठेवली. “मी इथं बसू का?” असं विचारलं. आजींनी मान हलवली. दहा मिनिटं आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मग माझ्या लक्षात आलं, की आजींची बोटं खुर्चीच्या हातावर कसला तरी ठेका धरतायत. मीही माझ्या गुडघ्यावर तोच ठेका धरला. आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. ती चाल मला मुळीच येत नव्हती. मी मागून म्हणायला गेले आणि चुकले. आजी हसल्या! त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हणून दाखवली. मी परत चुकले. त्यांनी परत दाखवली.

त्यांचा आजार काही गेला नाही. पुढच्या आठवड्यात मी कोण हेही त्यांना आठवत नव्हतं. पण त्या दुपारी वीस मिनिटं त्या मला गाणं शिकवत होत्या आणि माझी एकही चूक सोडत नव्हत्या.

यावरून रडवणारं गाणं कधी गाऊच नये असं समजू नका हं. दुःखाचं गाणं कधी कधी मुद्दाम गातात, त्यानं मन मोकळं होतं. पण ते त्या माणसाला विचारून, आणि नंतर सावरायला वेळ हाताशी ठेवून.

इंटर्नशिपमधला शेवटचा धडा निरोप घ्यायचा होता. आपण एक दिवस अचानक दिसेनासं व्हायचं नाही. आधीपासून सांगायचं. त्या छोट्या मित्राला मी तीन आठवडे आधी ढोलावर तीन ठोके वाजवून सांगितलं, की अजून तीन वेळा भेटायचंय. मग दोन ठोके. मग एक. मला वाटत होतं, शेवटच्या दिवशी तो काहीतरी करेल, निदान वळून बघेल. त्यानं नेहमीसारखा ठोका वाजवला आणि आईचा हात धरून निघून गेला. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण बाईंचा तो प्रश्न आता माझ्या डोक्यात पक्का बसला होता, गाणं कुणासाठी? त्याचा ठोका त्याला वाजवता आला होता. त्यानं माझे आभार मानावेत म्हणून काही मी तिथं गेले नव्हते.

(या सगळ्या मंडळींची नावं मी लिहिली नाहीत, काही खाणाखुणाही बदलल्यात. पेशंटची गोष्ट ही त्याची असते, ती आपण चव्हाट्यावर मांडायची नाही.)

आता तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्यांचं जन्मसाल विचारा. त्यात आधी १० मिळवा, मग २५. उदाहरणार्थ, जन्म १९४५ चा असेल तर उत्तर येईल १९५५ ते १९७०. या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या मनात फार घट्ट बसतात, असं संशोधकांना आढळलंय. मग त्यांनाच विचारा, की तेव्हा तुम्ही काय गुणगुणायचात? जात्यावरची ओवी असेल, भजन असेल, रेडिओवरचं गाणं असेल. मात्र तीन नियम पाळा. पहिला, मोबाईलवर गाणं लावायची घाई करायची नाही, आधी त्यांना म्हणू द्यायचं. दुसरा, सूर चुकला तरी दुरुस्त करायचा नाही. आणि तिसरा, त्यांचे डोळे भरून आले तर थांबायचं, “पुढं म्हणूया का?” असं विचारायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

काय काय ऐकायला मिळालं ते मला लिहून कळवा. आणि हो, ऐकता ऐकता तुम्ही किती वेळा मध्येच बोललात, तेही प्रामाणिकपणे लिहा बरं! मी पहिल्या दिवशी मोजलं होतं, पण माझा आकडा मी सांगणार नाही.

तुमची,
ताई